अनोळखी माणसाला किती समजतं

माझी लेक सहा वर्षांची होईपर्यंत तिचं बोलणं जगात एकट्या मलाच समजायचं. तिच्या आईला निम्मंशिम्मं कळायचं, माझ्या वडिलांना अंदाजानं, आणि बाकीच्यांना काहीच नाही. बहुतेक सगळी अक्षरं तिच्या तोंडात 'त' होऊन जायची. र आणि ल तर गळूनच पडायचे. मी पप्पा नव्हतो, 'तत्ता' होतो. माझ्या वडिलांना घरीदारी सगळे भाऊ म्हणत, ती 'ताऊ' म्हणायची. आमचं गाव केदारखेडा, ते 'तेतातेता'. रविवारी सकाळी जालन्याच्या घराच्या पायरीवर ती चपला घालून बसायची आणि पाय आपटत म्हणायची, तेतातेता, तेतातेता. मग मी स्कूटर बाहेर काढायचो. आता ती केदारखेडा असं पाचही अक्षरं वाजवून म्हणते. ऐकायला बरं वाटतं. पण स्कूटर काढावी वाटायची ती त्या शब्दाला.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. लग्नकार्यात मी गेलो काय अन् न गेलो काय, कुणाच्या लक्षात येत नसे. पण लेक चार वर्षांची झाली, बोलू लागली, आणि माझी अवस्था बदलली. ती काहीतरी म्हणायची आणि सगळी बैठक माझ्याकडे बघायची. "काय म्हणू राह्यली ओ?" मी सांगायचो. लोक थांबून ऐकायचे. मी सांगून झाल्यावर हसायचे, मान डोलवायचे, म्हणायचे, पोरगी लई चलाख हाये. चाळीशीकडे झुकलेल्या माणसाला पहिल्यांदाच असं वाटत होतं की आपण बोललो की लोक ऐकतात.

पुढं पुढं मी तिच्या बोलण्यात थोडं माझं घालू लागलो. ती म्हणायची, मला भूक लागली. मी सांगायचो, म्हणते, तुमच्या घरी नुसता चहाच देता का. हशा. ती माझ्याकडे बघायची. आपण एवढं काय बोललो, असं तिला वाटत असेल. मग लोक हसताहेत म्हणून तीही हसायची.

बालवाडीच्या बाईंनी एक दिवस मला दारात थांबवलं. "तुमची मुलगी शाळेत बोलतच न्हाई. सुरुवातीला बोलायची, पण पोरं चिडवतात, तव्हापासून गप. तिला एकदा दाखवून घ्या. बोलायचं शिकवणाऱ्या मॅडम येतात सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी."

घरी मी हे सांगितलं तर माझी बायको म्हणाली, "मी तर कव्हाची म्हणून राह्यले. दाखवायला काय जातं?" ती स्वतः शिक्षिका, जिल्हा परिषदेच्या शाळेत.

भाऊंना मात्र हे पटलं नाही. "तुला तरी कुठं येत होतं बोलायला," ते मला म्हणाले, "पाच वर्षं नुसता बघत बसायचा. अजून तेच करतो. मंग तुला कुठं नेलं होतं आम्ही?" आणि त्यांनी त्यांचे उपाय सुरू केले.

पहिला उपाय पेरूचा. पोपटानं उष्टा केलेला पेरू खाल्ला की पोराची जीभ सुटते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. शेतात विहिरीजवळ पेरूची तीन झाडं होती. रविवारी आम्ही पोचायच्या आधीच भाऊ तिथं हजर असायचे, खाली पडलेले आणि फांदीवरचे टोचलेले पेरू धोतराच्या सोग्यात गोळा करून. मग चष्मा लावून एकेक तपासायचे. चोचीची खूण वेगळी, दाताची वेगळी. "हे वाघळानं खाल्लेलं हाये," म्हणत एखादा लांब फेकायचे. "हे दिलं तर लेक रात्रभर आढ्याला उलटी लटकंल." लेक हसून हसून खाली बसायची. मग खरा पोपटाचा पेरू विहिरीच्या पाण्यात धुऊन, चोच लागलेल्या बाजूनं तिला खायला द्यायचे. ती खायची आणि पोपटासारखी मान तिरकी करून म्हणायची, "ताऊ, अतून." भाऊ, अजून. भाऊ माझ्याकडे वळून विचारायचे, "काय म्हणली?" त्यांना समजलेलं असायचं, तरी विचारायचे. मी सांगायचो. हिवाळ्याचं ऊन, मोटारीचा आवाज, पेरूचा वास, आणि आम्ही तिघं. आता भाऊ नाहीत. झाडं दोन उरलीत.

दुसरा उपाय घंटीचा. एका चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलो, तिथल्या दुकानातून पितळी घंटी घेतली, देवाच्या पायाला लावली. रोज सकाळी ती घंटी उलटी करून तिच्यात पाणी भरायचं आणि ते पाजायचं. लेकीला हा प्रकार इतका आवडला की ती पेल्यानं पाणी प्यायलाच तयार होईना. दप्तरातसुद्धा घंटी हवी. तिची आई वैतागून म्हणायची, "बोलायचं राहिलं बाजूला, आता पाणीबी घंटीनं."

तरी बायकोनं गुरुवार ठरवलाच. तिला त्या दिवशी रजा मिळाली नाही, शाळेत तपासणी होती. म्हणून मी एकटाच लेकीला घेऊन गेलो.

इथं मला माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल. मी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायला होतो, अजूनही आहे. ओल्या कागदावर बी ओळीनं मांडायचं, कागदाची गुंडाळी करून उबेच्या कपाटात ठेवायची, आणि ठरलेल्या दिवशी उघडून मोजायचं. नीट उगवलेले किती, वाकडे किती, कुजलेले किती. आणि चौथा एक प्रकार असतो, टणक बी. ते मेलेलं नसतं. त्याचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत जात नाही. पॉलिश पेपरवर जरासं घासलं की तेच बी दोन-चार दिवसांत येतं. पण घासल्याशिवाय नुसतं वाट बघत बसलं, तर कपाटात तसंच पडून राहतं. ते वेगळ्या रकान्यात लिहायचं असतं, उगवलेल्यात धरायचं नाही. मी कधी एक दाणा इकडचा तिकडे केला नाही. साहेबांनी डोळे वटारले तरी नाही. याचा मला अभिमान होता.

मॅडमच्या खोलीबाहेर बाकावर बसवून एक फॉर्म भरायला दिला. त्यात एक प्रश्न होता: मुलाचं बोलणं अनोळखी माणसाला किती समजतं? पुढे तीन चौकटी. जवळजवळ सगळं. साधारण निम्मं. अगदी थोडं किंवा काहीच नाही.

मी पहिल्या चौकटीत खूण केली.

आजवर मी स्वतःला सांगत आलो की लाज वाटली म्हणून केली, लोक काय म्हणतील म्हणून केली. तसं असतं तर बरं होतं. खरं असं की त्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांपुढं एक बैठक आली, ज्यात माझी लेक बोलतेय, सगळ्यांना कळतंय, आणि माझ्याकडे कुणी बघत नाहीये.

आत मॅडमनी तिला चित्रं दाखवली. लेक नवख्या माणसापुढं तोंड उघडत नव्हतीच. ती चित्राकडे बघायची आणि मग माझ्याकडे. मी म्हणालो, "घरी सगळं बोलते, स्वच्छ बोलते. इथं लाजतेय." मॅडम तरुण होत्या. त्यांनी फॉर्मकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एका बापानं स्वतः होऊन लिहून दिलेलं त्या कशाला खोटं धरतील. त्या म्हणाल्या, "कान एकदा तपासून घ्या. आणि सहा महिन्यांनी परत आणा."

कान चांगले निघाले. मी घरी सांगितलं, "मॅडम म्हणाल्या, काही नाही. आपोआप येईल."

बायको म्हणाली, "असं म्हणल्या? बघितलं का त्यांनी नीट?"

"बघितलं."

भाऊ खूश झाले. पुढच्या रविवारी एक पेरू जास्त दिला. सहा महिने गेले, मी विषय काढला नाही. बायकोनं काढला की म्हणायचो, त्यांनीच सांगितलंय ना. आणखी एक वर्ष गेलं. लेक पहिलीत गेली. मधल्या सुट्टीत ती वर्गात एकटीच बसते, असं तिच्या बाई सांगायच्या. घरी आली की मात्र माझ्या मांडीवर बसून दिवसभराचं सगळं बोलून टाकायची. शाळेत न बोललेलं सगळं एकदम. मला तो तास इतका गोड वाटायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतो.

त्या मे महिन्यात माझ्या मेव्हण्याचं लग्न होतं, वडीगोद्रीला. मांडव भरलेला, नवरदेव घोड्यावरून उतरून खुर्चीवर बसलेला, फेटा सारखा डोळ्यांवर येत होता. आम्ही पुढच्या रांगेत. लेकीला तिच्या आईनं नवं परकर-पोलकं शिवलेलं, मोरपंखी. ती माझा हात ओढून काहीतरी म्हणाली.

मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हणू राह्यली ओ दाजी?"

मी मान वळवून म्हणालो, "म्हणते, मामानं फेटा घातलाय का फेट्यानं मामा घातलाय?"

पुढच्या दोन-तीन रांगा हसल्या. नवरदेवसुद्धा फेटा वर सारत हसला. तिनं पुन्हा हात ओढला, पुन्हा म्हणाली.

"आता काय म्हणती?"

"म्हणते, आटपा लवकर, नवरीला झोप येऊ राह्यली."

परत हशा. आणि हशा चालू असतानाच माझा हात सुटला. मी खाली बघितलं. मोरपंखी परकर पुढून काळा होत गेला होता आणि गालिच्यावर ओल पसरत होती. ती रडली नाही. ती फक्त माझ्याकडे बघत उभी राहिली.

इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते हे. तिचं बोलणं मला पहिल्याच वेळेला समजलं होतं. कळलं नाही म्हणून मी ते फिरवलं नव्हतं. वाटलं, एक मिनिट थांबेल. एवढा एक विनोद होऊ दे.

तिची आई धावत आली, उचलून घेऊन गेली. लोक म्हणाले, होतं लेकराचं. आणि फेट्याचा विनोद तेवढा मागं राहिला. तो आजही आमच्या सासुरवाडीत सांगतात.

त्या दिवसापासून लेक माझ्याशीच काय, कुणाशीच बोलेनाशी झाली. रुसली असती तर समजूत काढली असती. जेवायची, शेजारी झोपायची, पण काही हवं असलं की बोटानं दाखवायची. पायरीवर चपला घालून बसायची आणि गप. मी म्हणायचो, "तेतातेता?" ती मान हलवायची. त्या घरात पहिल्यांदा तिचं बोलणं समजणारं कुणीच उरलं नव्हतं, कारण ती बोलतच नव्हती. असे अकरा दिवस गेले. मी मोजले.

बाराव्या दिवशी गुरुवार होता. कंपनीत अर्धी सुट्टी टाकून मी एकटा मॅडमकडे गेलो. फॉर्मचं सांगितलं. लग्नातलं सांगितलं नाही, ते माझ्या तोंडून निघालं नाही. मॅडमनी खणातून कोरा फॉर्म काढला आणि माझ्यापुढं ठेवला. पेनही दिला. मी त्याच प्रश्नापुढं तिसऱ्या चौकटीत खूण केली.

"पुढच्या वेळी तिच्या आईलाही आणा," त्या म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघं गेलो. आत शिरल्या शिरल्या बायको म्हणाली, "मॅडम, राग मानू नका, पण दीड वर्षामागं तुम्हीच म्हणल्या होत्या, काही न्हाई म्हणून. आमचं दीड वर्ष गेलं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी चपलांकडे बघत होतो.

"हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही."

मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी आत असलो की लेक चित्राकडे न बघता माझ्याकडे बघते, म्हणून. त्या बाकावर मी दीड वर्ष दर गुरुवारी बसलो. दाराआडून आवाज यायचे. पहिला महिना तर नुसत्या गुळण्यांचा. घशातला 'क' सापडेना, म्हणून मॅडमनी पाणी तोंडात घेऊन मान वर करून गुळणी करायला लावलं होतं. घशात जिथं पाणी खळखळतं, तिथूनच 'क' येतो. घरी सराव करायचा होता, आणि लेकीला पेला चालत नव्हता. मग राजूरची घंटी निघाली. सकाळी मोरीपाशी ती आणि तिची आई उलट्या घंटीतलं पाणी तोंडात घेऊन आभाळाकडे बघत खळखळ करायच्या. भाऊ आले की तेही करायचे, आणि ठसका लागून पोरीला हसवायचे.

दिवाळीच्या आसपास एका गुरुवारी दाराआडून आवाज आला, "का... का... काऊ." मी उठून उभा राहिलो आणि परत बसलो. आत जायचं नव्हतं.

भाऊंनी शेवटपर्यंत मानलं नाही. "मॅडमनं काय केलं," म्हणायचे, "घंटीनं केलं. बराबर त्याच घंटीनं." मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग घंटी जपून ठेवा. ती अजून देवघरात आहे.

शब्द एकेक करून गेले. 'तत्ता' आधी गेला. 'ताऊ' बराच टिकला, कारण भाऊच तिला भाऊ म्हणू देत नसत. 'तेतातेता' सगळ्यात शेवटी. एका रविवारी पायरीवर बसून ती हळूहळू, डगमगत्या दगडांवरून चालल्यासारखी म्हणाली, "के-दार-खे-डा." मी स्कूटर काढली. रस्ताभर ती मागं बसून तेच घोकत होती.

ती आता वीस वर्षांची आहे, पुण्यात शिकते. फोनवर बोलायला लागली की तिच्या आईचं गॅसवरचं दूध उतू जातं. या दिवाळीत ती घरी आली, आम्ही तिघं केदारखेड्याला गेलो. विहिरीपाशी बसलो होतो. पेरू नुकते पिकू लागलेले. लेकीनं खाली पडलेला एक उचलला आणि चोचीची खूण तपासत म्हणाली, "वाघळाचा." अगदी भाऊंच्या आवाजात. आणि बायको सहज म्हणाली, "ती मॅडम पहिल्यांदाच बराबर बोलली असती, तर पोरीची पहिली वाया गेली नसती."

चौदा वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी मी म्हणालो, "त्या बराबरच होत्या. फॉर्म मी खोटा भरला होता."

आणि सगळं सांगितलं. चौकटीचं, बाकाचं, मॅडमच्या गप्प राहण्याचं.

बायकोनं विहिरीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "दुसऱ्याचं बी नापास करत फिरता जन्मभर." थोड्या वेळानं, "त्या बाईला तोंडावर बोलले मी. तुम्ही तिथंच होता." ती उठून मोटारीच्या खोलीकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मला ते कमीच वाटलं.

लेक पेरू हातात फिरवत बसली होती. "मंग पप्पा, थेरपीला तुम्हालाच न्यायचं होतं की," ती म्हणाली. मी हो म्हणालो.

मग तिनं विचारलं, "अन् मामाच्या लग्नात? मला परकर ओला झालेला आठवतो. मी काय म्हणले होते, ते न्हाई आठवत. तुम्हाला आठवतं?"

"आठवतं."

"सांगा."

"तू म्हणालीस, पप्पा, मला शू लागली."

"अजून?"

"दुसऱ्यांदा पण तेच म्हणालीस. फक्त शेवटी 'चला ना' म्हणालीस."

तिनं पेरू खाली ठेवला. "तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच वेळी."

खाली मुंग्या पेरूच्या सालीकडे निघाल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत होती. "मंग फेट्याचं कोण म्हणलं?"

"ते मी."

"अन् नवरीच्या झोपेचं?"

"तेही मीच."

"अरे देवा," ती म्हणाली, "मला वाटायचं मी लहानपणी लई हुशार होते. मामा प्रत्येक लग्नात सांगतो ते. मी कॉलेजातबी सांगितलंय." ती हसली, पण डोळे पुसूनच. मग म्हणाली, "मामाला सांगू का?"

"सांग."

तिनं तिथंच फोन लावला आणि बोलत बोलत बांधावरून चालू लागली. मी जागेवरच बसलो. वाऱ्यानं तिचं बोलणं तुटक तुटक येत होतं. फेटा, पप्पा, शू, चला ना. तिनं दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या. परकर हिरवा म्हणाली, आणि आम्ही तिसऱ्या रांगेत होतो म्हणाली. मी मधे बोललो नाही.